तिला, आणि शेवटी ती

अहो सोनवणेबाई,

तुम्हाला जाऊन पंधरवडासुद्धा झाला नाही आणि लोकांनी तुमचं व्याकरण बिघडवायला सुरुवातही केली. त्या दिवशी पांडेसऱ्याला तुमच्या घराशी रिक्षातून उतरले, तर जिन्यातच कोणीतरी म्हणालं, "देवाने नेलं हो बाईंना." वर आले तर तुमचे व्याही तेच म्हणत होते, फक्त हिंदीत. मला रडू येत होतं, पण त्याच्या आधी राग आला. कर्ता देव आणि तुम्ही नुसतं कर्म! एका बाईला वाक्यात कर्ता करायचं म्हणून जिने स्वतःची झोप उडवली, माझीही उडवली, तिला शेवटी कोणीतरी उचलून नेलं म्हणायचं? मी तुमच्या ज्योतीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, दारातल्या फळ्यावर लिही, 'आई आज सकाळी निघाली'. ज्योतीने डोळे पुसले, खडू हातात घेतला आणि मला विचारलं, "बाई, तुमचा शब्द लिहू का आईचा?" फळा तसाच कोरा राहिला.

तो शब्द, आणि त्याच्यावरून आपण घातलेला वाद, आज इथे लिहायला बसले आहे. तुम्ही मध्ये बोलायला नाहीत, ही एक सोय आहे. फार वाईट सोय आहे.

आपण दोघींनी पांडेसऱ्याच्या मराठी शाळेत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून नोकरी केली. तुम्ही इतिहास शिकवायच्या, मी मराठी. तुम्ही शिरपूरकडच्या, घरात अहिराणी. मी सांगलीची, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमागे सुरतेत आलेली आणि मग इथलीच झालेली. तुम्ही मला ओगलेबाई म्हणायच्या, मी तुम्हाला सोनवणेबाई. इतकी वर्षं एका डब्यात जेवलो, पण 'अगं' म्हणून कधी एकमेकींना हाक मारली नाही. मला वाटतं, भांडायला 'अहो' बरं पडतं. 'अहो, काहीतरीच काय बोलता!' असं म्हणताना जी धार येते ती 'अगं'ला नाही.

तुमच्या कादंबरीचा जन्म माझ्या डोळ्यांदेखत झाला, हे मी सगळ्यांना मिरवून सांगते. पालकसभा होती. आपल्या शाळेच्या पालकसभेला बाप क्वचितच यायचे, सगळे मिलमध्ये पाळीवर. आयाच यायच्या, त्याही घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम अर्धं टाकून, बोटांना गोंद तसाच. त्यात कल्पना होती. तिच्या मुलीच्या गुणपत्रिकेवर तुम्ही तिची सही घेत होतात आणि तिचा फोन वाजला. नवरा घरी आला होता, त्याला वाढून हवं होतं. कल्पना सगळ्या वर्गासमोर फोनवर कडाडली, "मी काय तुन्ही बटीक शे का?" बायका हसल्या. तुम्ही हसला नाहीत. सही घ्यायचीसुद्धा विसरलात.

मधल्या सुटीत तुम्ही मला विचारलंत, "ओगलेबाई, बटीक म्हणजे नेमकं काय हो?" मी कोशातला अर्थ सांगितला: विकत घेतलेली बाई, दासी, पेशवाईत बाजारात विकायच्या. तुम्ही चपातीचा तुकडा हातात धरून बसलात. मग म्हणालात, "पेशवाई गेली, बाजार गेला, कोणी कोणाला विकत नाही. मग हा शब्द हिच्या तोंडात कुठून आला? आईने दिला असेल. तिला तिच्या आईने. म्हणजे सुरुवातीला कोणीतरी एक असेलच ना, जी खरोखर बटीक होती?" घंटा झाली तरी तुमचा डबा उघडाच होता.

त्या 'कोणीतरी एक'साठी तुम्ही वाचनालयं पालथी घातलीत आणि माझ्या नाकी नऊ आणलेत. गोष्ट तशी साधी. दुष्काळात खानदेशातली एक पोर विकली जाते. लमाणांच्या तांड्याबरोबर ती सुरतेला येते आणि एका पेढीवाल्याच्या घरात तिचं आयुष्य जातं. पाणी, धुणं, स्वयंपाक, मालकिणीचे पाय. छळाची मोठमोठी वर्णनं नाहीत, चाबूक नाही, पाठलाग नाही. नावसुद्धा नाही तिला. आणि कादंबरीचं नाव 'तिला'. मी म्हटलं, हे काय नाव झालं? अर्धवट वाक्यासारखं वाटतं. तुम्ही म्हणालात, "वाचा तर आधी."

मी वाचू लागले आणि वैतागले. अजून आठवतं मला ते पान. 'तिला उठावं लागलं. तिला पाणी आणायला धाडलं. वाटेत तिला गाव आठवलं. तिला रडू आलं, पण घागर भरली होती, म्हणून तिला परतावं लागलं.' पानंच्या पानं असं. तिला, तिला, तिला! कान किटले. मी समासात लाल पेनाने लिहिलं, 'पुनरुक्ती. भाषा सपाट. नववीतली मुलगी बरं लिहील.' असं मी तुमच्या तोंडावरही म्हणाले असते, तुम्हाला माहीतच आहे.

मग एका सकाळी पोहे चाळत होते. हातातली चाळण तशीच राहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बाई या पुस्तकात कुठेच कर्ता नाही! भूक तिला लागते. झोप तिला येते. रडू तिला येतं. माणसं तिला धाडतात, बोलावतात, उठवतात. सगळं जग तिच्याकडे येतं, तिच्यावर येऊन पडतं, आणि तिच्या वाट्याला एकही 'ती' नाही. आपल्या भाषेत ही सोय केवढी जुनी आहे! माणसाला वाक्यात हजर ठेवायचं आणि त्याच्या हातात काही म्हणजे काही द्यायचं नाही. मी इतकी वर्षं 'तिला राग आला' हे फळ्यावर लिहून मुलांकडून प्रयोग ओळखून घेत होते, आणि त्यात राग मोकळा फिरतोय नि बाई खुंटाला बांधलेली आहे, हे मला तुम्ही दाखवलंत.

मी तशीच फोनकडे धावले. "अहो, तुमची बाई कर्ताच नाही कुठे!"

तुम्ही पलीकडून म्हणालात, "आलं का लक्षात? मला वाटलं, तुम्ही मराठीच्या, पहिल्याच पानावर पकडाल. तुम्हाला तर पार पावसाळ्यापर्यंत वेळ लागला."

एवढं हसलात, की ज्योतीने येऊन फोन काढून घेतला आणि मला विचारलं, आईला काय झालं. मी तुमच्यावर चिडलेच होते, पण इतकी खूष मी स्वतःच्या कौतुकाने कधी झाले नाही. माझ्या शेजारी बसून भेंडीची भाजी खाणाऱ्या बाईने असं काहीतरी केलं होतं, आणि ते आधी मला कळलं होतं.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. तुमची शिस्त कुठेतरी मोडली असणारच, ती पकडायची. सगळं हस्तलिखित पिंजून काढलं आणि सापडलं! ती मांडे करते त्या प्रकरणात: 'तिने मांडा उलटला.' मी विजयी मुद्रेने पान तुमच्यासमोर आपटलं. "हे पाहा. 'तिने' आलं. इथे झाली की नाही ती कर्ता?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "आणि क्रियापद?"

"उलटला."

"कोण उलटला?"

मांडा! कर्ता ती आहे, पण क्रियापद मांड्याच्या मागून गेलंय. "काम तिचं आणि नाव मांड्याचं," तुम्ही म्हणालात, "हेच तर आयुष्यभर चाललंय तिचं. म्हणून ते मुद्दाम ठेवलंय."

आता तापीचं भांडण. ते मी अजून सोडलेलं नाही, लक्षात ठेवा. तुमची बाई तापीकाठच्या गावातली. तीच तापी वाहत सुरतेला येते. रोज ती जे पाणी भरते ते तिच्या गावावरून आलेलं आहे. एवढं आयतं प्रतीक! प्रश्नपत्रिकेत 'प्रतीके स्पष्ट करा' म्हणून चार गुणांना विचारावं असं. आणि तुमच्या कादंबरीत नदीबद्दल एक वाक्य नाही. फक्त 'पाणी'. मी हात जोडले. म्हटलं, एकच परिच्छेद लिहा, संध्याकाळ, घाट, पाणी वाहतंय, तिला वाटतंय...

"ओगलेबाई," तुम्ही म्हणालात, "नदी मोकळी शे. तिला कामाला लावू नका."

मला आधी कळलं नाही. मग तुम्ही माझ्या पेनचं टोपण लावत म्हणालात, "एका बाईला सुटं करायला बसले मी. त्याच्यासाठी नदीला, झाडाला, पाखराला वेठीला धरू? प्रत्येकाने माझ्यासाठी काहीतरी अर्थ वाहून आणायचा? मग पेढीवाल्यात आणि माझ्यात फरक काय?"

"आणि ते खापर?" मी विचारलं. कारण सुरतेतल्या त्या घरात मातीचं खापर नसतं, तेव्हा तुमची बाई कढई चुलीवर उलटी घालून तिच्या पाठीवर मांडे भाजते. त्या उलट्या कढईत मला केवढं काय काय दिसलं होतं!

"खापर म्हणजे खापर. त्याच्यावर मांडे होतात."

दुसऱ्या दिवशी डबा उघडलात तर आत घडी घातलेले मांडे, वर तूप. "घ्या," म्हणालात, "प्रतीक खा." मी दोन खाल्ले. अजूनही मला वाटतं की तापीवर एक परिच्छेद हवा होता. पण ते मांडे खाताना मी तापी विसरले होते, हेही खरं.

पुस्तक छापून आलं तो दिवस मात्र मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. प्रकाशक महाराष्ट्रातले, भला माणूस, नाव घेत नाही. पार्सल तुमच्या घरी आलं. तुम्ही पुस्तक हातात घेतलंत, वास घेतलात आणि सरळ शेवटचं पान उघडलंत. कारण सगळं पुस्तक त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिलं होतं. एवढ्या पानांनंतर पहिल्यांदा 'ती'. पहिल्यांदा तिच्या मागून चालणारं क्रियापद. आणि तेही तिच्या स्वतःच्या बोलीत: 'ती निंघनी.'

पानावर छापलं होतं, 'तिला निघावं लागलं.'

प्रकाशकांनी फोनवर समजावून सांगितलं. मुद्रितशोधक अनुभवी होते. सगळ्या पुस्तकात 'तिला' आहे, शेवटी एकदम 'ती' कसं आलं, आणि 'निंघनी' हा तर उघड टंकदोष. म्हणून त्यांनी एकसारखं करून घेतलं. फार काळजीने केलं होतं हो त्यांनी. मी त्या मुद्रितशोधकाच्या सात पिढ्यांचं शुद्धलेखन काढलं. तुम्ही पुस्तक मिटलंत. मग इतकंच म्हणालात, "सुटलेलीला परत आणून बांधलं."

वर परीक्षण आलं. 'शेवटच्या वाक्यापर्यंत सुटका न देण्याचं धैर्य हेच लेखिकेचं सामर्थ्य.' तुम्ही ते कात्रण मला वाचून दाखवलंत. "माझं सामर्थ्य म्हणे!" आणि तेव्हा पहिल्यांदा त्या प्रकरणात हसलात. मी त्या हसण्याचीच वाट पाहत होते.

मग एक पेन कायमचं तुमच्या पर्समध्ये राहायला आलं. जिथे 'तिला'ची प्रत, तिथे सोनवणेबाई. पर्वत पाटियाला साखरपुड्याला गेलो, तर यजमानांच्या शोकेसमधून पुस्तक काढून तुम्ही शेवटचं वाक्य दुरुस्त केलंत आणि मग पेढा घेतलात. कतारगामच्या वाचनालयात तुम्ही पेन उघडलंत आणि ग्रंथपाल धावत आला, "बेन, चोपडीमां ना लखाय!" पुस्तकात लिहायचं नसतं. तुम्ही मान वर न करता त्याला म्हणालात, "चोपडी में ज लखी छे, भाई." पुस्तक मीच लिहिलंय. तो बिचारा तुमच्यासाठी खुर्ची घेऊन आला. आपण दोघी जिन्यात एकमेकींना धरून हसत होतो, दोन म्हाताऱ्या.

रविवारी दुपारी तुमच्या घरी बायका जमायच्या. कल्पना, तिच्या चाळीतल्या, कोणी साड्यांचा गठ्ठा बरोबर घेऊनच. तुम्ही वाचायच्या, त्यांचे हात खडे लावत राहायचे. त्यांच्या मुली दारात बसून आपसात गुजरातीत बोलायच्या आणि मधूनच गप्प व्हायच्या. शेवटचं वाक्य तुम्ही कधी पुस्तकात बघून म्हटलं नाहीत.

एकच प्रत तुम्हाला दुरुस्त करता आली नाही. माझी.

कारण मला 'निघावं लागलं' जितकं नको होतं तितकंच 'निंघनी'ही नको होतं. मला हवं होतं 'ती निघाली'. माझं म्हणणं मी आजही मांडते, तुम्ही मनातल्या मनात खोडा. सगळी कादंबरी प्रमाण भाषेत चालते. थंड, कोरडी, एखाद्या दप्तरदाराने लिहावी तशी. शेवटी एकदम बोली आली की कोल्हापूरचा, नागपूरचा वाचक अडखळेल. ज्या एका शब्दासाठी त्याला इथवर आणलं, नेमका तिथेच तो ठेच खाईल. आणि उद्या दुसरा कोणी मुद्रितशोधक पुन्हा टंकदोष समजून सुधारेल! मुक्त करायचंच आहे तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा शब्दात करा.

तुमचं उत्तर ठरलेलं. "सगळ्या पुस्तकात तिच्याबद्दल दुसराच कोणी बोलतो. पेढीवाल्याची भाषा, दप्तराची भाषा. 'निघाली' म्हटलं की ती त्यांच्या भाषेत निघाली. त्यांच्या परवानगीने. शेवटचं वाक्य तिचं शे, बाई. तिच्या आईने ऐकलं तर तिला कळलं पाहिजे."

"आणि वाचकाला?"

"वाचक अडखळू द्या. पुढे पान नाहीच. कुठे जाणारे तो?"

दुसरी आवृत्ती निघायचं ठरलं आणि प्रकाशकांनी मला कळवलं, शेवटचं वाक्य बाई सांगतील ते. तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात. सगळे तुमच्याशी हळू आवाजात बोलायचे, उशी नीट करायचे, खोटं हसायचे. मला ते जमलं नाही. तुम्ही विचारलंत, "काय ठरलं मग?" मी म्हटलं, "निघाली." तुम्ही म्हणालात, "निंघनी." "निघाली." "निंघनी." सिस्टर आत आली, काय झालं म्हणून, "शुं थयुं?" करत. तिला वाटलं, आपण काहीतरी मागतोय. तुम्ही तिला म्हणालात, "काही नही, हिला मराठी शिकवतेय." त्या हसण्यात तुम्हाला खोकला आला आणि सिस्टरने मला बाहेर काढलं. तेच आपलं शेवटचं बोलणं. मला त्याचं दुःख नाही. भांडण अर्धं ठेवून जावं इतकी आपली मैत्री मोठी होती. मी तुम्हाला 'तुमच्यामुळे मला माझी भाषा कळली' असं कधी म्हणाले नाही, ते मात्र राहिलं. ते आता म्हणते. तुमच्यामुळे मला माझी भाषा कळली, सोनवणेबाई. फार फार आभार.

तुम्ही गेल्यावर प्रकाशकांचा निरोप आला. 'बाईंशी बोलणं होऊ शकलं नाही. शेवटचं वाक्य आता तुम्हीच सांगा. आवृत्ती थांबली आहे.' म्हणजे बघा. इतक्या वर्षांचा वाद आणि निकाल माझ्या हातात. समोर कोणी नाही. मी 'निघाली' म्हणून टाकलं असतं तर कोण अडवणार होतं? मी फोन उशाशी ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. असलं जिंकणं मला नको होतं.

काल रविवार होता. ज्योतीने शाळेतली खोली मागून घेतली होती आणि तुमच्यासाठी सगळ्यांना बोलावलं होतं. मला वाटलं होतं, थोडेफार लोक येतील. खोली भरून बायका व्हरांड्यात बसल्या होत्या. ज्योती म्हणाली, "बाई, शेवटचं पान तुम्ही वाचा." मी माझी प्रत काढली. तीच, कोरी, चुकीची.

मी वाचत गेले. 'पहाट झाली. तिला जाग आली. तिला कोणी हाक मारली नव्हती. तिला पाणी आणायला कोणी धाडलं नव्हतं. तिला उठावं लागलं नाही. तिला उगाच वाटलं, आज काहीतरी राहून गेलंय. मग तिला दार दिसलं.'

आणि पुढे कागदावर ते वाक्य. मी थांबले. खरं सांगते, जिभेवर 'निघाली' होतं. चष्म्यावर पाणी आलं होतं म्हणून क्षणभर वेळ गेला, इतकंच. मी 'ती' एवढंच म्हटलं.

"निंघनी!"

कल्पना म्हणाली आधी, पण ती एकटी नव्हती. अख्खी खोली म्हणाली. व्हरांडा म्हणाला. खिडकीशी उभ्या असलेल्या त्या पोरी, ज्या आईला उत्तरसुद्धा गुजरातीत देतात, त्याही म्हणाल्या. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी खूण केली नव्हती. आणि मग हसणं, टाळ्या, रडणं सगळं एकदम. शोकसभा होती हो ती! बाहेर लग्न आहे असं वाटलं असेल कोणाला. कल्पना डोळे पुसत शेजारणीला सांगत होती, "माले तं माहीतच व्हतं, ती निंघनी." एखादी ओळखीची बाई घरी सुखरूप पोचल्यासारखं.

कोणी अडखळलं नाही, सोनवणेबाई. एकही नाही. मी इतकी वर्षं ज्या वाचकाच्या ठेचेची काळजी करत होते तो कोल्हापूरचा, नागपूरचा वाचक अडखळेलही. अडखळू दे. पुढे पान नाहीच.

मी ज्योतीकडे हात पुढे केला. तिने न विचारता तुमचं पेन काढून दिलं. सगळ्यांच्या देखत मी माझ्या प्रतीतलं वाक्य खोडलं आणि तुमचं लिहिलं. मग तिथेच, शाळेच्या पायरीवर बसून, चपला घालायच्या आधी प्रकाशकांना कळवलं: 'ती निंघनी.' तापीचा परिच्छेद मी अजून मागतेच आहे, तो हिशेब वेगळा.

मी उठतेय तोवर त्यांचा फोन आला. आवाजात संकोच होता. "बाई, तुम्ही म्हणाल ते छापू. पण जरा अशुद्ध दिसतंय हो. तुम्ही तर व्याकरणाच्या. तुम्हाला चालतंय का हे?"

मी म्हटलं, "कर्तरी प्रयोग आहे. कर्ता ती. क्रियापद तिच्या मागून चाललंय. छापा."